इंटरनेटवरील मार्गांच्या दाव्यांची खातरजमा व्हायला हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंटरनेटवरची एखादी मोठी सेवा काही तास बंद पडली की दुसऱ्या दिवशी 'सर्व्हर डाऊन' एवढेच कारण देऊन बातमी संपते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकाच वेळी बंद पडले, तेव्हाही बहुतेकांची समजूत तीच झाली. प्रत्यक्षात त्या रात्री सर्व्हर चालू होते आणि त्यांची वीजही गेलेली नव्हती. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे मार्ग तेवढे जगभरातल्या राउटरांमधून, म्हणजे माहितीला पुढची वाट दाखवणाऱ्या यंत्रांमधून, पुसले गेले होते. मी नेटवर्क अभियंता असून गेली अनेक वर्षे हेच मार्ग जुळवण्याचे आणि बिघडले तर दुरुस्त करण्याचे काम करतो. त्यामुळे या विषयावर सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. विषय तांत्रिक असल्याने पत्र लांबले आहे, तरी ते पूर्ण प्रसिद्ध करावे ही विनंती.

इंटरनेटवर कोणता पत्ता कोणाकडे आहे, हे त्या त्या नेटवर्कने स्वतः केलेल्या घोषणेवरून ठरते. ती घोषणा खरी आहे की खोटी, हे तपासण्याची सोय २०११ पासून उपलब्ध आहे आणि तिला पैसेही पडत नाहीत. तरीही आपल्याकडील कितीतरी लहान इंटरनेट पुरवठादार, बँका, शिक्षणसंस्था आणि सरकारी कार्यालये तिच्याकडे लक्ष देत नाहीत. ही उदासीनता संपावी, एवढ्याचसाठी हे पत्र आहे.

आपण मोबाइलवरून पाठवलेला संदेश लहान लहान पॅकेटांमध्ये विभागला जातो आणि प्रत्येक पॅकेटवर ते ज्या यंत्राकडे जायचे आहे त्याचा आयपी पत्ता असतो. वाटेतला राउटर आपल्याजवळच्या तक्त्यात तो पत्ता शोधतो आणि पॅकेट पुढच्या राउटरकडे सोपवतो; त्यापुढे काय होते याच्याशी त्याला कर्तव्य नसते. हा तक्ता मोठ्या नेटवर्कमध्ये कोणी हाताने भरत बसत नाही. राउटर एकमेकांशी बोलून तो तयार करतात आणि एखादी लिंक तुटली की आपसांत बोलूनच तो बदलतात. हे बोलणे ज्या ठरलेल्या नियमांनी चालते, त्या नियमांना राउटिंग प्रोटोकॉल म्हणतात.

एकाच संस्थेच्या नेटवर्कमध्ये हे काम त्यामानाने सोपे असते, कारण सगळे राउटर एकाच मालकाचे असतात. जुन्या 'रिप' प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक राउटर दर ३० सेकंदांनी शेजाऱ्याला सांगत असे की अमुक नेटवर्क माझ्यापासून इतक्या टप्प्यांवर आहे, आणि शेजारी त्यात एक मिळवून तेच पुढे सांगत असे. १५ टप्प्यांपलीकडचे ठिकाण पोहोचण्याजोगे नाही असे तो मानत असल्याने मोठ्या नेटवर्कना तो अपुरा पडू लागला. आज त्या जागी बहुधा 'ओएसपीएफ' किंवा 'आयएस-आयएस' वापरतात. त्यांत प्रत्येक राउटर केवळ स्वतःच्या लिंकची स्थिती सर्वांना कळवतो, त्यावरून प्रत्येकाजवळ सबंध नेटवर्कचा एकसारखा नकाशा तयार होतो आणि त्या नकाशावर सर्वांत कमी खर्चाचा मार्ग ज्याचा तो काढतो. ही रीत एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाला १९५६ मध्ये सुचली आणि १९५९ मध्ये त्याने ती प्रसिद्ध केली. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ती आजही शिकवली जाते, पण परीक्षेत येणाऱ्या उदाहरणापुरती. रोज कोट्यवधी पॅकेटांची वाट तिच्यावर ठरते, हे विद्यार्थ्याला कोणी दाखवून देत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या पद्धतीतही माहिती न तपासता स्वीकारली तर काय होते, ते २७ ऑक्टोबर १९८० रोजी दिसून आले. इंटरनेटची पूर्वज असलेली अमेरिकेतील 'आर्पानेट' त्या दिवशी काही तास ठप्प झाली होती. एका राउटरमधील यंत्रदोषामुळे शेजारच्या राउटरच्या स्थितिसंदेशातले काही बिट गळाले आणि त्या संदेशाच्या ८, ४० आणि ४४ अशा अनुक्रमांकांच्या तीन प्रती नेटवर्कमध्ये फिरू लागल्या. अनुक्रमांक ६३ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येत असल्याने नियमानुसार ४४ हा ४० पेक्षा नवा, ४० हा ८ पेक्षा नवा आणि ८ हा पुन्हा ४४ पेक्षा नवा ठरत होता. प्रत्येक राउटर आलेला संदेश नवा समजून हातातला खोडत होता आणि पुढच्याला पाठवत होता. इतर कामाला कोणाला उसंतच राहिली नाही. तार कुठेही तुटलेली नव्हती. अशा संदेशांचे वय मोजून ते आपोआप बाद व्हावेत, अशी रचना पुढे आली. त्यात रेडिया पर्लमन या संगणकशास्त्रज्ञ बाईंच्या कामाचा मोठा वाटा आहे आणि आजचे प्रोटोकॉल त्याच पायावर उभे आहेत. घराच्या आतला प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला.

एका मालकाचे नेटवर्क संपून दुसऱ्याचे जेथे सुरू होते, तेथला प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. दूरसंचार कंपन्या, विद्यापीठे, बँका, सरकारी खाती आणि तालुक्याच्या गावी घरोघर फायबर नेणारे ब्रॉडबँडवाले अशी ७० हजारांहून अधिक स्वतंत्र नेटवर्क आज जगात आहेत. अशा प्रत्येक नेटवर्कला एक क्रमांक दिलेला असतो. आम्ही त्याला एएस नंबर म्हणतो. या नेटवर्कमध्ये मार्गांची देवाणघेवाण एकाच प्रोटोकॉलने होते आणि तो म्हणजे बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजेच बीजीपी. जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे तज्ज्ञांची बैठक भरली असताना कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्तर या दोघांनी जेवणाच्या टेबलावर कागदी नॅपकिनवर त्याचा आराखडा काढला. त्याची चौथी आवृत्ती १९९४ पासून वापरात आहे आणि थोड्याफार सुधारणांसह तीच आजही चालते. नेटवर्क चालवणारी माणसे त्या काळी मोजकी होती आणि बव्हंशी एकमेकांना ओळखत होती. समोरचा खोटे सांगेल किंवा झोपेत चुकीची आज्ञा टाईप करील, या शक्यतेला त्या आराखड्यात जागाच ठेवलेली नव्हती.

बीजीपीमध्ये प्रत्येक नेटवर्क शेजाऱ्याला सांगते की पत्त्यांची ही मालिका माझ्याकडे आहे. या मालिकेला प्रिफिक्स म्हणतात. शेजारी त्या घोषणेपुढे आपला एएस नंबर जोडून ती पुढच्याला सांगतो, तो आणखी पुढच्याला, आणि काही मिनिटांत ती जगभर पोहोचते. महामार्गावर प्रत्येक गावाने आपापल्या वेशीवर स्वतःच दिशादर्शक फलक रंगवावा आणि प्रवाशाने तो वाचून गाडी वळवावी, तसा हा प्रकार आहे. फलक खरा आहे का, हे पाहणारे खाते मूळ रचनेत नाही.

राउटर अनेक घोषणांमधून एक कसा निवडतो, याविषयी बराच गैरसमज आहे. बीजीपी सर्वांत जवळचा मार्ग शोधतो असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात पहिला विचार होतो तो व्यवहाराचा: पैसे देणाऱ्या ग्राहकाकडून आलेला मार्ग सर्वांत आधी, फुकट देवाणघेवाण करणाऱ्या पीअरकडून आलेला त्यानंतर, आणि ज्या अपस्ट्रीम कंपनीला आपण स्वतः पैसे मोजतो तिच्याकडून आलेला शेवटी. यांत बरोबरी झाली तर वाटेत किती नेटवर्क लागतात ते मोजले जाते. परंतु या सगळ्याच्या वर एक नियम आहे आणि पुढचे सगळे अनर्थ त्यातून उद्भवतात. पॅकेट पुढे पाठवताना राउटर नेहमी अधिक नेमक्या, म्हणजे लहान मालिकेच्या घोषणेला मान देतो. कोणी १,०२४ पत्त्यांची मालिका जाहीर केली आणि दुसऱ्या कोणी त्यातल्याच २५६ पत्त्यांची वेगळी जाहीर केली, तर त्या २५६ पत्त्यांकडे जाणारी सगळी वाहतूक दुसऱ्याकडे जाते. तो नेटवर्क कितीही दूर असो, लहान असो, त्याचा त्या पत्त्यांशी काही संबंधही नसो.

२४ फेब्रुवारी २००८ रोजी अगदी हेच घडले. पाकिस्तानच्या दूरसंचार नियामकाने यूट्यूबवर बंदी घालण्याचा आदेश दिला होता. तो अमलात आणण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या १,०२४ पत्त्यांच्या मालिकेतील २०८.६५.१५३.०/२४ ही २५६ पत्त्यांची मालिका आपल्याकडे असल्याचे आपल्या राउटरवर लिहिले. हेतू एवढाच होता की देशांतर्गत ग्राहकांची वाहतूक तेथे यावी आणि नष्ट व्हावी. पण ही घोषणा सीमेच्या आत राहिली नाही. ती हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या अपस्ट्रीम कंपनीकडे गेली, त्या कंपनीने ती न तपासता जगाला सांगितली, आणि भारतीय वेळेनुसार मध्यरात्रीनंतर सव्वाबाराच्या सुमारास जगभरातल्या प्रेक्षकांची पॅकेटे पाकिस्तानकडे वळली. सुमारे सव्वा तासानंतर यूट्यूबने स्वतः तीच २५६ पत्त्यांची मालिका जाहीर केली, आणि आणखी दहा मिनिटांनी तिचे १२८-१२८ पत्त्यांचे दोन तुकडे करून जाहीर केले, जेणेकरून आपली घोषणा अधिक नेमकी ठरून जिंकावी. अखेर रात्री अडीचच्या सुमारास पीसीसीडब्ल्यूने ती चुकीची घोषणा मागे घेतली, तेव्हा प्रकरण मिटले. एका देशातली एक ओळ सव्वादोन तास जगाची वाट बदलू शकते, हे तेव्हा सर्वसामान्य माणसालाही प्रथमच कळले. या घटनेत मला सर्वांत मोठा दोष मधल्या कंपनीचा वाटतो. आपला ग्राहक कोणते पत्ते जाहीर करू शकतो याची यादी तिने राउटरवर फिल्टर म्हणून लावली असती, तर ही घोषणा तिच्या दारातच अडली असती.

फेसबुकच्या घटनेत दुसऱ्या कोणी खोटी घोषणा केलेली नव्हती. खऱ्या घोषणाच नाहीशा झाल्या. देखभालीच्या नेहमीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारे अंतर्गत जाळेच बंद पडले. अशा आज्ञा रोखण्यासाठी असलेल्या तपासणीच्या प्रणालीत दोष होता. नाव सांगितले की आयपी पत्ता देणारे त्यांचे डीएनएस सर्व्हर अशा रीतीने रचलेले होते की डेटा सेंटरशी संपर्क तुटला तर त्यांनी स्वतःची बीजीपी घोषणा मागे घ्यावी. एखाद्या ठिकाणचा सर्व्हर आजारी असेल तर तो शहाणपणाचा नियम आहे. पण त्या रात्री सगळ्याच ठिकाणचा संपर्क एकदम तुटला आणि सगळ्यांनीच घोषणा मागे घेतल्या. दुरुस्तीसाठी दुरून आत शिरण्याचे मार्गही त्याच जाळ्यावर अवलंबून होते, म्हणून अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले, आणि आपल्याकडे पहाट होईपर्यंत सेवा पूर्ववत झाली नाही. राउटरवर काम करणाऱ्या प्रत्येकाने दुरुस्तीचा वेगळा, मुख्य जाळ्यावर न विसंबणारा मार्ग ठेवलाच पाहिजे, हे मी यावरून नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगतो.

चूक होणे एक वेळ समजू शकते. पण हीच पळवाट चोरही वापरतात. २४ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका पुरवठादाराच्या नेटवर्कमधून ॲमेझॉनच्या डीएनएस सेवेचे काही पत्ते परस्पर जाहीर झाले. त्या पत्त्यांवर बसलेल्या बनावट सर्व्हरने 'मायइथरवॉलेट' या आभासी चलनाच्या संकेतस्थळाचा खोटा पत्ता लोकांना दिला. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र चुकीचे असल्याचा इशारा ब्राउझर देत होता. तो डावलून ज्यांनी पुढे जाऊन आपली माहिती भरली, त्यांचे चलन गेले. सुमारे दोन तासांत अंदाजे दीड लाख डॉलर लंपास झाले. ग्राहकाने संकेतस्थळाचे नाव अगदी बरोबर टाईप केले होते. आपल्या नागरी सहकारी बँकांच्या संचालकांनी हे वाक्य कृपया पुन्हा एकदा वाचावे, कारण 'लिंक तपासून घ्या' एवढी सूचना ग्राहकाला देऊन अशा वेळी कोणाचाही बचाव होत नाही.

भारतही यापासून दूर नाही. १६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या ५५४१० या एएस नंबरवरून ३० हजारांहून अधिक प्रिफिक्स चुकून जाहीर झाले. त्यांत जगभरातल्या अनेक संस्थांचे पत्ते होते आणि काही काळ त्यांची वाहतूक भारताकडे ओढली गेली. ही घटना जगातल्या नेटवर्क अभियंत्यांत बरेच दिवस चर्चेत होती. आपल्याकडील सर्वसाधारण वाचकाला तिचा पत्ताही लागला नाही.

आता उपायाविषयी. त्याचे नाव आरपीकेआय. ज्या संस्थेला आयपी पत्ते दिले गेले आहेत, ती संस्था पत्ते देणाऱ्या नोंदणी संस्थेकडे एक डिजिटल सहीचा दाखला तयार करते. त्यात तीनच गोष्टी असतात: पत्त्यांची मालिका, ती जाहीर करण्याचा अधिकार असलेला एएस नंबर, आणि त्या मालिकेचा जास्तीत जास्त किती लहान तुकडा जाहीर करता येईल ती मर्यादा. या दाखल्याला आरओए म्हणतात. आपल्याकडे पत्ते मिळतात ते 'निक्सी'च्या (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) अखत्यारीतील 'इरिन' या नोंदणी संस्थेकडून किंवा ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे मुख्यालय असलेल्या 'एपनिक' या आशिया-पॅसिफिकच्या नोंदणी संस्थेकडून. हे झाले दाखला देण्याचे काम. तो पाहण्याचे काम दुसऱ्या बाजूला होते: पुरवठादार एका साध्या लिनक्स सर्व्हरवर 'राउटिनेटर'सारखे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर चालवतो, ते जगभरातले दाखले उतरवून त्यांच्या सह्या तपासते आणि निष्कर्ष राउटरला कळवते. घोषणा दाखल्याशी जुळली तर ती वैध, दाखला असून जुळली नाही तर अवैध, आणि दाखलाच नसेल तर अज्ञात. अवैध घोषणा राउटर टाकून देतो. २००८ मध्ये यूट्यूबच्या पत्त्यांना असा दाखला असता आणि पीसीसीडब्ल्यू तपासणी करीत असती, तर पाकिस्तानातून आलेली घोषणा एएस नंबर वेगळा म्हणून जागीच बाद झाली असती.

या नोंदणी संस्थांनी ही सोय २०११ पासून सुरू केली. मे २०२४ च्या सुरुवातीला जगाच्या तक्त्यातील निम्म्याहून अधिक आयपीव्ही४ (आयपी पत्त्यांची जुनी, चौथी आवृत्ती) मार्गांना असे दाखले मिळालेले होते. अर्धे काम झाले याचा आनंद आहे, पण उरलेले मार्ग 'अज्ञात' या खान्यात आहेत आणि अज्ञात घोषणा स्वीकारण्यावाचून राउटरला गत्यंतर नसते.

आरपीकेआयने सगळे भागते असे मात्र मी म्हणणार नाही. घोषणा मूळ कोणी केली एवढेच तो तपासतो. मधली वाट खरी आहे का, हे तपासत नाही. १२ नोव्हेंबर २०१८ रोजी नायजेरियातील 'मेनवन' या पुरवठादाराने आपल्या पीअरकडून, म्हणजे गूगलकडून, ऐकलेले मार्ग चुकून चायना टेलिकॉमला सांगितले, तिने ते पुढे पसरवले आणि सुमारे ७४ मिनिटे गूगलची काही वाहतूक भलत्याच वाटेने गेली. त्या घोषणांमधला मूळ एएस नंबर गूगलचाच होता, म्हणून कोणताही दाखला त्यांना अडवू शकला नसता. अशा रूट लीकवर आजचा व्यवहार्य उपाय म्हणजे प्रत्येक शेजाऱ्याकडून काय घ्यायचे आणि त्याला काय सांगायचे याचे फिल्टर, तसेच एखादा ग्राहक ठरल्यापेक्षा जास्त प्रिफिक्स पाठवू लागला तर त्याची जोडणी आपोआप बंद करणारी मर्यादा. ही मर्यादा लावायला एक ओळ पुरते. मी पाहिलेल्या कित्येक राउटरांवर ती ओळ नव्हती.

शिवाय दाखल्यांची किल्लीही जपावी लागते. ३ जानेवारी २०२४ रोजी स्पेनमधील ऑरेंज कंपनीचे नोंदणी संस्थेकडील खाते एका हल्लेखोराच्या हाती लागले, कारण त्याचा पासवर्ड अत्यंत सोपा होता आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी चालू केलेली नव्हती. त्याने त्या खात्यातून चुकीचे आरओए तयार केले. त्यामुळे कंपनीच्या खऱ्या घोषणाच अवैध ठरल्या आणि जगातल्या तपासणी करणाऱ्या नेटवर्कनी त्या टाकून दिल्या. काही तास स्पेनमधील ग्राहकांचे इंटरनेट विस्कळीत झाले. आपल्याकडील लहान संस्थांमध्ये असे खाते बहुधा सोडून गेलेल्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या ईमेलवर असते. ते आजच तपासावे.

याच्याशीच जोडलेला आणखी एक मुद्दा थोडक्यात मांडतो. नाशिकमध्ये एका पुरवठादाराच्या ग्राहकाकडून दुसऱ्या पुरवठादाराच्या ग्राहकाकडे ट्रेसराउट (पॅकेट वाटेत कोणकोणत्या राउटरांतून जाते ते दाखवणारी आज्ञा) लावून मी पाहिले आहे. पहिले दोन-तीन टप्पे नाशिकचे, मग मुंबई, मग एकदम सिंगापूरचे राउटर, तेथून परत मुंबई आणि शेवटी नाशिक. जाण्यायेण्याला जेथे काही मिलिसेकंद लागायला हवेत, तेथे साठाहून अधिक लागत होते. दोन्ही पुरवठादारांचा मुंबईत परस्पर संबंध नव्हता आणि दोघांचे अपस्ट्रीम सिंगापूरला भेटत होते, म्हणून बीजीपीने व्यवहारानुसार जो मार्ग होता तोच निवडला. देशातली वाहतूक देशातच राहावी यासाठी २००३ मध्ये निक्सीची स्थापना झाली. मुंबईत तिच्याशिवाय इतरही मोठी एक्स्चेंज, म्हणजे पुरवठादारांची नेटवर्क परस्पर जोडण्याची ठिकाणे, आहेत. लहान पुरवठादारांनी तेथे जोडणी घेतली तर ग्राहकाचा वेळ वाचतो, परदेशी ट्रान्झिटचा, म्हणजे अपस्ट्रीम कंपनीमार्फत वाहतूक नेण्याचा, खर्च कमी होतो आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात केबल तुटल्या तशा प्रसंगी निदान गावातल्या गावात पाठवलेली पॅकेटे तरी समुद्राची वाट धरीत नाहीत.

माझी विनंती अशी आहे की महानगरपालिका, जिल्हा परिषदा, विद्यापीठे आणि सहकारी बँका यांनी इंटरनेट सेवेची निविदा काढताना केवळ वेग आणि दर यांवर समाधान मानू नये. आम्हांला मिळणाऱ्या पत्त्यांचे आरओए आहेत का, तुम्ही अवैध घोषणा टाकून देता का, आणि ग्राहकांकडून येणाऱ्या घोषणांवर फिल्टर लावता का, हे तीन प्रश्न निविदेत लेखी विचारावेत आणि उत्तर लेखी घ्यावे. ज्या बँकेचे स्वतःचे पत्ते नाहीत, तिचे आरओए पुरवठादाराने करायचे असतात. तेव्हा ती जबाबदारी करारात नमूद करावी. पुरवठादाराच्या शब्दावर विसंबण्याचेही कारण नाही. कोणत्याही प्रिफिक्सला दाखला आहे की नाही हे दाखवणारी सार्वजनिक संकेतस्थळे आहेत आणि तेथे कोणालाही विनामूल्य पाहता येते. मोठ्या दूरसंचार कंपन्यांविषयी मला एवढेच म्हणायचे आहे की लहान पुरवठादाराची चूक जगापर्यंत पोहोचते ती त्यांच्या राउटरांमधूनच, त्यामुळे फिल्टर लावण्याची पहिली जबाबदारी त्यांची आहे.

आरओए प्रथमच तयार करणाऱ्यांसाठी एक सूचना. लहान तुकड्याची मर्यादा भरताना सोयीसाठी ती सैल ठेवण्याचा मोह होतो. समजा आपण /२२, म्हणजे १,०२४ पत्त्यांची, एकच मालिका जाहीर करतो, पण दाखल्यात /२४ पर्यंत, म्हणजे २५६ पत्त्यांच्या तुकड्यापर्यंत, मुभा दिली. मग दुसऱ्या कोणी आपल्या संस्थेचा एएस नंबर खोटाच मागे लावून त्यातली /२४ जाहीर केली, तर ती वैध ठरते आणि अधिक नेमकी म्हणून जिंकतेही. म्हणून प्रत्यक्षात जेवढे जाहीर करतो तेवढ्याचीच मुभा द्यावी, आणि पुढे बदल करायचा झाल्यास आधी नवा आरओए करून, तो सर्वत्र पोहोचायला अवधी देऊन, मगच राउटरवर हात घालावा. नाशिक जिल्ह्यातील ज्या सहकारी बँकेला, महाविद्यालयाला किंवा लहान पुरवठादाराला या कामात मदत हवी असेल, त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावे. माझा पत्ता आपल्याकडे दिलेला आहे, आणि या कामाचे मी काही घेणार नाही.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक नेटवर्क अभियंता, नाशिक